टाक्याचं सुतक

पाच वेळा मागावरचा धोटा गेला, पाच वेळा आला आणि सहाव्या फेरीला प्रल्हाद दिवट्यांच्या छातीत गाठ बसली.

सकाळी घेतलेला चहा आणि अर्धी पोळी खाली जायचं नाव घेईना. बरगड्या जिथे एकमेकींना मिळतात, नेमकं तिथे कुणीतरी आतून मूठ आवळून धरल्यासारखं झालं. तोंडात पाणी सुटत होतं आणि ते गिळायची सोय नव्हती. प्रल्हाद मागावर तसेच ताठ बसून राहिले. आत स्वयंपाकघरात रोहिणीबाईंच्या मनगटावरचं घड्याळ किणकिणलं आणि त्या पिठाच्या हातानेच बाहेर आल्या.

"अहो, उठा. आवळलाय तो."

प्रल्हादांनी हातानेच 'थांब' केलं. जरा वेळाने आवाज फुटला.

"मला माहीत आहे आवळलाय. माझ्या छातीत आहे तो, तुझ्या मनगटात नाही."

"मग उठा ना."

"उठतो. सकाळपासून उठतो नि बसतो, बसतो नि उठतो. मागावर बसलोय का शाळेत कवायतीला गेलोय?"

तरी उठावं लागलंच. मागाच्या खड्ड्यातून पाय वर घेतले, भिंतीपाशी गेले, पाठ टेकली, पाय लांब केले, रिकामे हात मांडीवर ठेवले. दोन मिनिटं गेली आणि आतली मूठ अलगद सुटली. चहा खाली उतरला. पोळीही उतरली. जणू काही झालंच नव्हतं.

हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट होती. रिकाम्या हातांनी भिंतीला टेकून बसलं की सगळं सुरळीत. मागावर बसून काठाच्या चार ओळी भरल्या की घास अडकलाच. नऊ दिवस हे चाललं होतं. नऊ दिवसांत तीन बोटं कापड झालं होतं. येवल्यात पंधराव्या वर्षी मागावर बसलेला आणि आता एकसष्टीला आलेला माणूस भिंतीला टेकून आपल्याच मागाकडे बघत बसला होता. हे असंच राहिलं तर माग बंद करावा लागेल, हे रोहिणीबाईंना कळत होतं आणि त्यांना कळतंय हे प्रल्हादांनाही कळत होतं. दोघं त्यावर बोलत नव्हते, म्हणून बाकी सगळ्यावर भांडत होते.

दुखणं तसं जुनं. दोन वर्षं छातीत जळजळ, आंबट ढेकर, वाकलं की घशाशी कडू पाणी. कुणी पित्त म्हणालं, कुणी मिरची सोडा म्हणालं. मिरची सोडली, दुखणं राहिलं. शेवटी मंजिरीने, त्यांच्या मुलीने, हट्ट धरून नाशिकला डॉ. अस्मिता कुलथ्यांकडे नेलं. त्यांनी नळी घालून आतलं चित्र काढलं आणि पडद्यावर दाखवलं.

"काका, छाती आणि पोट यांच्या मध्ये स्नायूंचा एक पडदा असतो. श्वास घेताना तो वरखाली होतो. त्या पडद्याला एक भोक असतं. त्यातून अन्ननलिका खाली उतरते आणि जठराला मिळते. वय वाढतं, पोटावर दाब पडत राहतो, तसं ते भोक सैल होतं. मग जठराचा वरचा भाग त्यातून वर छातीत सरकतो. याला हायटस हर्निया म्हणतात. जठरातलं आम्ल जठरातच राहावं म्हणून तिथे एक झडप असते. जागा सुटली की ती झडप नीट मिटत नाही. आम्ल वर येतं आणि नळी भाजते."

प्रल्हादांना ते लगेच पटलं. खुंटी सैल झाली की ताणा जागा सोडतो, तसलाच प्रकार.

"मग काय करायचं?"

"एकदम पोटभर जेवायचं नाही, थोडं थोडं चार वेळा. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उचलायची. चहा कमी, तळलेलं कमी. गोळ्या देते त्या घ्यायच्या. आणि वाकायचं नाही."

"वाकू नको तर विणू कसा?"

डॉक्टर आधी हसल्या. मग मंजिरीने मोबाइलवर मागाचा फोटो दाखवला, तशा हसायच्या थांबल्या. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. विणलेलं कापड गुंडाळायचा लाकडी रूळ, म्हणजे तूर, थेट त्याच्या पोटाशी येते. पदराचं बारीक काम आलं, रंगीत रेशीम गुंडाळलेल्या शंभर तिल्ल्या एकेका दोऱ्यातून फिरवायच्या आल्या, की माणूस त्या तुरीवर ओणवा होतो. दिवसाचे दहा तास. पंचेचाळीस वर्षं.

"हे तर पोट दाबायचं यंत्रच आहे," डॉक्टर म्हणाल्या. आणि मग त्यांनी टाक्याची गोष्ट काढली.

टाका म्हणजे एक धागा. केसापेक्षा थोडा जाड. तोंडातून नळी घालून तो पडद्याच्या त्या भोकाभोवती ओवायचा, चिरफाड नाही. धागा असा की शरीराच्या उबेवर चालतो, आजूबाजूचा दाब मोजतो आणि हवं तेव्हा आखडतो, हवं तेव्हा सैल होतो. घास आला की वाट द्यायची, पोटाचा दाब वाढून जठर वर सरकायला लागलं की वाट आवळायची. मात्र प्रत्येकाचं पोट वेगळं, कामं वेगळी. कोण हसताना पोट धरून हसतो, कोण शिंकताना घर हलवतो. यातलं नेहमीचं काय आणि धोक्याचं काय, हे टाक्याला शिकावं लागतं. म्हणून पहिले चौदा दिवस तो नुसता बघतो. माणूस कसा बसतो, कसा झोपतो, काय खातो, कशाने ताण येतो. जे दिसेल ते त्याच्या लेखी त्या माणसाचं जगणं. पंधराव्या दिवसापासून, जे त्याने पाहिलेलं नाही असं काही घडून दाब वाढला, की तो आवळणार आणि घरच्या माणसाच्या मनगटावरच्या घड्याळाला तसं कळवणार.

"तेव्हा हे चौदा दिवस महत्त्वाचे," डॉक्टरांनी बजावलं होतं. "मुद्दाम जपू नका. रोज जसं जगता तसंच जगा."

टाका घालून प्रल्हाद दुपारी घरी आले आणि संध्याकाळी निरोप आला, रंगनाथ गेला.

रंगनाथ म्हणजे त्यांचा चुलतभाऊ, सहा वर्षांनी मोठा, दोन घरं सोडून राहणारा, त्याच गल्लीतला विणकर. दुपारी झोपला तो उठलाच नाही. या रंगनाथशी प्रल्हाद चौदा वर्षं एक शब्द बोलले नव्हते. मंजिरीच्या लग्नात भाऊकीतला मोठा म्हणून त्याला मानाच्या पंगतीत, व्याह्यांच्या शेजारी बसवलं होतं. श्लोक झाले, सगळ्यांनी पहिला घास घेतला, आणि हा दुसऱ्या घासाला भरल्या ताटावरून उठून मांडवाबाहेर चालता झाला. व्याही बघत राहिले. प्रल्हादांच्या हातातली जिलबीची परात हातातच राहिली. त्या दिवसापासून रंगनाथचं नाव घरात घ्यायचं नाही, असं ठरलं. म्हणजे प्रल्हादांनी ठरवलं.

पण सुतक नावाला बघत नाही. भाऊकीतलं माणूस गेलं की माग बंद. मागाच्या फणीवर फडकं टाकायचं आणि तेराव्याचं गोड जेवण होऊन वर एक दिवस जाईपर्यंत मागाला हात लावायचा नाही. दाढी नाही, देवपूजा नाही, जेवण बिनफोडणीचं, झोपणं जमिनीवर घोंगडीवर. सकाळी रंगनाथच्या घरी जाऊन ओटीवर भिंतीला टेकून बसायचं, येणाऱ्याला मान हलवायची, दुपारी परत यायचं. प्रल्हादांनी सगळं केलं. लोक काय म्हणतील म्हणून केलं, पण केलं.

आठव्या दिवशी डॉक्टर मोबाइलच्या पडद्यावर आल्या.

"काका, दाढी वाढवलीत?"

"हं."

"सगळं रोजच्यासारखं चाललंय ना?"

आता खरं सांगायचं तर 'माझा भाऊ रंगनाथ वारला' असं म्हणावं लागलं असतं. चौदा वर्षं जे नाव जिभेवर येऊ दिलं नव्हतं ते या परक्या बाईसमोर घ्यावं लागलं असतं. आणि सुतकात जसं वागावं तसंच तर ते वागत होते, त्यात वेगळं काय सांगायचं?

"हो," प्रल्हाद म्हणाले.

टाका बघत होता. शिकत होता.

आता, टाका आवळायला लागल्याच्या नवव्या दिवशी, प्रल्हादांनी टाका बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. पलीकडून गोड आवाजाची बाई बोलली. बाई नव्हतीच ती, यंत्र होतं.

"नमस्कार, प्रल्हादजी. आपला टाका सुस्थितीत आहे."

"टाका सुस्थितीत आहे. मी नाहीये."

"आपल्या भावना मी समजू शकते. आपल्याला गिळताना त्रास होतो आहे का?"

"मागावर बसलं की होतो."

"आपण कुठल्या मार्गावर आहात?"

"मार्ग नाही बाई, माग! साडी विणायचा!"

"धन्यवाद. साडी नेसताना कंबरेला घट्ट गाठ बांधू नये. सैल वस्त्रे वापरावीत."

दारात उभ्या रोहिणीबाईंनी पदर तोंडाला लावला. प्रल्हादांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या आत गेल्या, पण हसू बाहेर ऐकू येत राहिलं.

"हे बघा," प्रल्हाद दात आवळून म्हणाले, "तो नको तेव्हा आवळतो, आणि हवं तेव्हा सैल पडतो. झोपलं की सगळं कडू पाणी घशाशी. ही कुठली तऱ्हा?"

"आपल्या नोंदींनुसार टाका आपल्या नेहमीच्या दिनक्रमाप्रमाणे काम करत आहे. आपण आपल्या नेहमीच्या दिनक्रमाला परत जावे. आणखी काही मदत करू शकते का?"

फोन घोंगडीवर आपटला म्हणून वाचला.

नाशिकला डॉ. कुलथ्यांनी चौदा दिवसांच्या नोंदी पडद्यावर पसरल्या. खालून वर चढणाऱ्या रेघा असायच्या तिथे सपाट माळरान होतं.

"काका, चौदा दिवसांत तुम्ही एकदाही वाकला नाहीत. सकाळी चार तास भिंतीला टेकून बसलेले. दुपारी पुन्हा तेच. रात्री सपाट जमिनीवर, आणि मी वीतभर उशाला सांगितलं होतं. हे कुणाचं रोजचं जगणं आहे?"

 प्रल्हाद म्हणाले, "सुतक होतं."

"कुणाचं?"

"भाऊकीतलं."

"सख्खे चुलतभाऊ," रोहिणीबाई मध्येच म्हणाल्या. "दोन घरं सोडून."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी फोनवर विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

"तुम्ही विचारलंत रोजच्यासारखं आहे का. सुतकात रोज हेच असतं."

डॉक्टरांना राग आला होता की हसू, ते कळेना. "मग झालं असं की टाक्याला वाटतं तुम्ही असेच आहात. भिंतीला टेकणं, फिकं जेवणं, जमिनीवर झोपणं, हे ठीक. म्हणून सपाट झोपलात की तो निवांत सैल होतो आणि आम्ल वर येतं. माग त्याने पाहिलाच नाही. त्याला वाटतं, या माणसाला काहीतरी भयंकर होतंय. लावला आवळून."

"म्हणजे माझं फिटलं, याचं सुतक चालूच आहे."

"तसंच म्हणा."

"मग काढून टाका."

"स्नायूत रुजलाय. काढायचा तर छाती उघडावी लागेल, ते मी करणार नाही. पण एकदा, फक्त एकदाच, त्याला पुन्हा शिकवता येतं. पुन्हा चौदा दिवस. त्यानंतर धागा कायमचा पक्का होतो. तेव्हा जे शिकेल ते शेवटपर्यंत."

"मग आजच शिकवा. उद्या मागावर बसतो."

"तिथेच अडचण आहे." डॉक्टर पुढे झुकल्या. "तुम्ही त्या तुरीवर ओणवे होऊन दहा तास बसलात, तर टाका शिकेल की एवढा दाब म्हणजे नेहमीचंच. मग तो तेव्हा आवळणारच नाही. जठर आपलं खुशाल वर. मग टाका घातला कशाला? पहिल्या खेपेला हा विचार माझ्याकडूनच राहिला. पोटावर दाब न पडता विणता येत असेल तर ते शिकवा. नाहीतर विणणं सोडून शिकवा. पंधरा दिवसांत ठरवून या."

"पंचेचाळीस वर्षं माग असाच आहे. आता काय मागाला सांगू, जरा लांब बस म्हणून?"

डॉक्टरांनी टेबलावरचा चष्मा उचलून पुसायला घेतला. 

परतीची बस विंचूरला पोचली. मग रोहिणीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मोठ्या भाऊजींना पण हेच होतं."

"काय हेच?"

"हेच. छातीतलं. मालनवहिनी सांगत होत्या. त्यांनी म्हणे माग बदलून घेतला होता. बसायची जागा उंच केली, तूर पुढे सरकवली. मरेपर्यंत विणत होते."

"तुला कधी सांगितलं हे?"

"दहाव्याला."

"आणि आज बोलतेस?"

"त्यांचं नाव घरात घ्यायचं नाही, हा नियम मी केला होता का?"

पुढच्या सीटवरच्या माणसाने मागे वळून पाहिलं. प्रल्हादांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे वळला तो येवल्यापर्यंत.

रंगनाथच्या दारात जायचं नाही, हे प्रल्हादांचं पक्कं होतं. रंगनाथला जमलं ते आपल्याला जमणार नाही का? त्यांनी बुडाखाली उशी घेतली. उशी दबली. फळी घेतली. फळीवर उंच झाले तर पाय खड्ड्यातल्या पावड्यांना पोचेनात. पावड्यांना विटा बांधल्या. विटा सुटून पायाच्या बोटावर पडल्या. सुतार बोलावला. तो मागाभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "दिवटेबाबा, तूर पुढे घ्यायची तर अख्खा सांगाडा पुढे घ्यावा लागेल, खड्डा नव्याने खणावा लागेल. खाली फरशी आहे, दगड आहे. महिना धरा. आणि माप? माप कुठलं घ्यायचं?"

माप दोन घरं सोडून होतं. अकरा दिवस त्यांनी उशा आणि विटा यांच्याशी झगडण्यात घालवले. अकराव्या दिवशी पोळीचा तुकडा असा अडकला की डोळ्यांतून पाणी आलं. रोहिणीबाई पाठीवर हात फिरवत राहिल्या. तो हातच प्रल्हादांना सोसेना. त्यांनी टोपी घातली आणि घराबाहेर पडले.

रंगनाथची बायको, मालनवहिनी, ओसरीत सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"या. तेरा दिवस रोज आलात. चौदाव्याला रस्ता विसरलात."

"वहिनी, दादाचा माग बघायचा होता."

"माग होय? मला वाटलं मला बघायला आलात."

प्रल्हाद दाराशीच घुटमळले. वहिनींनी एक खडा उचलून अंगणात भिरकावला.

"आत या आता. बाहेर उभं राहून काय, लिलाव पुकारणार आहात?"

मागाच्या खोलीत फणीवर अजून फडकं होतं. ते वहिनींनी काढलं. प्रल्हादांनी माग पाहिला आणि पाहतच राहिले. बसायची जागा हातभर उंच, आणि पुढच्या बाजूला उतरती, म्हणजे कंबर आपोआप ताठ राहावी. पावड्यांवर सागाचे ठोकळे, नीट खिळे ठोकून बसवलेले. तूर पुढे, पोटापासून वीतभर लांब. ते चढून बसले. पोट मोकळं. हात मात्र लांब करावे लागत होते आणि पदर डोळ्यांपासून दूर गेला होता. त्यांनी पाय दाबला, धोटा फेकला. दहा फेऱ्या. वीस. चाळीस. खांदे भरून आले, पण छातीत काहीच झालं नाही. टाका शांत होता.

"किती कापड व्हायचं त्याचं यावर?"

"निम्मं. आणि खांदे शेकायला बसायचे. पण बसायचे."

"कधी केलं हे?"

"तुमच्या मंजूच्या लग्नानंतर. लगेच."

प्रल्हादांचा पाय पावडीवरच थांबला. "लग्नानंतर?"

"त्या पंगतीतच तर पहिल्यांदा घास अडकला त्यांचा. सकाळपासून पदर पुरा करायच्या नादात ओणवे होते, तसेच उठून लग्नाला आले. पहिला घास गेला, दुसरा छातीत बसला. खाली जाईना, वर येईना. ओकारी येतेय म्हणून उठले. एकीकडे व्याही, दुसरीकडे नवरा मुलगा. तिथे ओकायचं होतं का त्यांनी, मानाच्या पंगतीत?"

 अडकलेला घास म्हणजे काय हे प्रल्हादांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मग मला सांगायचं ना!"

"तुम्ही विचारायला यायचं."

"उठून गेला तो. मी कशाला जाऊ?"

"अगदी हेच म्हणायचे ते." वहिनींच्या आवाजात रडू नव्हतं, वैताग होता, जुना आणि झिजलेला. "'मला बरं नव्हतं, साधी चौकशी केली नाही त्याने. मी कशाला जाऊ?' चौदा वर्षं. तुम्ही तिकडे कशाला जाऊ, ते इकडे कशाला जाऊ. मी नि रोहिणी भाजीच्या गाडीवर चोरून बोलायचो, शाळेतल्या पोरींसारख्या."

प्रल्हादांनी तुरीवर मूठ आपटली. माग थरथरला. कुणावर चिडायचं ते त्यांना समजेना. ज्याच्यावर चिडायचं तो गेला होता, आणि जाताना चूक निम्मी करून गेला होता. उरलेली निम्मी कुणाची, ते उघडच होतं.

मग ते म्हणाले, "चौदा दिवस इथे बसू द्या. टाक्याला शिकवायचंय."

"चौदाच का? शिकला तर तुम्हाला दुसऱ्या मागावर बसता येणार आहे का?"

"याच मापाचा माग घरी करेन."

"खड्डा खणेपर्यंत म्हातारे व्हाल. इथेच या. पण एक आहे." वहिनींनी मागाकडे बोट केलं. "त्यांचा पदर अर्धा आहे. मला कापून टाकवत नाही. आधी तो पुरा करायचा."

दुसऱ्याच्या हातचा अर्धा पदर पुरा करणं कुठल्याही विणकराला आवडत नाही. दोन हातांची ओढ वेगळी, ती कापडात दिसते. प्रल्हादांनी तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले.

डॉक्टरांनी टाका उघडला. आता चौदा दिवस तो आवळणार नव्हता, नुसता बघणार होता. आम्ल अडवायला गोळ्या तेवढ्या. प्रल्हादांनी या खेपेला सगळं सांगितलं तसं केलं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडं घातली. दिवसाचं जेवण चार वाट्यांत वाटलं. जेवल्यावर तासभर गल्लीत फिरायचं आणि मगच मागावर चढायचं. चहा अर्धा कप, तोही रोहिणीबाई मोजून देत आणि ते मोजून शिव्या देत. छाती जळत होती. खांदे ठणकत होते. सकाळी साताला ते रंगनाथच्या मागावर असत.

तिसऱ्या दिवशी त्यांना चूक सापडली.

पदरावर आसावलीची वेल होती. रंगनाथने विणलेल्या भागात, दीड बोट खाली, वेलीचं एक पान उलटं पडलं होतं. तीन तारा सुटल्या होत्या आणि पुढची सगळी पानं त्या चुकीवर तोल सांभाळत वर गेली होती. इतक्या लांब बसून, त्या वयाच्या डोळ्यांना ते दिसणं शक्य नव्हतं. चांगल्या नंबरचा चष्मा लावणारा शेजारी असता तर दिसलं असतं. प्रल्हादांचा चष्मा चांगल्या नंबरचा होता.

वेल उसवायची म्हणजे चार दिवसांचं काम मागे जायचं. ठेवली तर फारसं कुणाला कळलंही नसतं. प्रल्हादांनी सुई घेतली आणि पहिली तार उचलली.

"इथे तीन तारा सुटल्यात तुझ्या," ते म्हणाले. आधी हळू, मग आवाज चढला. "दिसत नव्हतं तर हाक मारायची. दोन घरं सोडून राहत होतो मी, कुठे दिल्लीला नव्हतो! घास अडकला म्हणे. अडकला तर अडकला. सांगायचं, प्रल्ह्या, पाणी आण. मी व्याह्यांच्या अंगावरून उडी मारून आणलं असतं पाणी. पण नाही. साहेब उठून गेले. परात हातात घेऊन मी उभा, आणि साहेब मांडवाबाहेर..."

स्वयंपाकघरात भाजी परतल्याचा आवाज येत होता, तो थांबला. मालनवहिनी दारापर्यंत आल्या, आत आल्या नाहीत, आणि पुन्हा चुलीकडे गेल्या. पण भाजी परतायला त्यांनी पुन्हा सुरुवात केली नाही.

ओरडून ओरडून प्रल्हादांची छाती वरखाली होत होती. पोट आत ओढलं जात होतं, पुन्हा सुटत होतं. आत टाका उघडा होता आणि सगळं टिपून घेत होता. हा माणूस ताठ बसतो, हात लांब करतो, थोडं खातो, आणि सुई हातात घेतली की कुणाशी तरी कडाकडा भांडतो. त्याच्या लेखी हेच या माणसाचं जगणं.

दुसरी तार निघाली. प्रल्हादांनी घोटभर पाणी घेतलं, ते खाली गेल्याची खात्री केली आणि चष्मा सरळ केला.

"आणि त्या वर्षी गणपतीत समोरून आलास तेव्हा मान का फिरवलीस, ते आता सांग," ते म्हणाले. शिकवणीचे अकरा दिवस उरले होते आणि चौदा वर्षांचं बोलायचं होतं.